खाशाबांचा गुडघा

जत्रेतल्या कुस्त्या आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिल्या आहेत. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि ऊन कलले की शेवटची मानाची. हलगी कडाडायची, फेटेवाले पंच आखाड्यात फिरायचे आणि आम्ही मुली लांबून, देवळाच्या ओट्यावरून पाहायचो. खाशाबा जाधव हे नाव आपल्याला त्याच वयात भेटले, पण जत्रेत नव्हे, तर पाठ करायच्या एका ओळीत. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२, हेलसिंकी, कांस्य. एका गुणाचा प्रश्न.

त्या एका गुणाच्या मागेपुढे अठ्ठावन्न वर्षांचे आयुष्य आहे. पदकाच्या लढती त्यातल्या काही दिवसांच्या. बाकीच्यात पैशाची ओढाताण आहे, ऐन वेळी दगा दिलेला एक गुडघा आहे आणि सत्तावीस वर्षांची पोलिसातली नोकरी आहे. आपण सगळे आता चाळिशी ओलांडून बसलो आहोत. तोरणा चढताना निम्म्या जणांचे गुडघे कुरकुरतात. त्यामुळे खाशाबांची गोष्ट आता वेगळ्या तऱ्हेने कळेल असे वाटते, म्हणून या स्मरणिकेसाठी ती लिहिते आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांतले ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच तालीम होती. शेतीची कामे, जोर-बैठका आणि शाळा असा दिवस असायचा. १९४० ते १९४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. साल पाहिले की लक्षात येते की हा साताऱ्यातला भूमिगत चळवळीचा, पत्री सरकारचा काळ होता. शाळकरी वयातले खाशाबाही बेचाळीसच्या चळवळीत ओढले गेले. भूमिगतांना आसरा देणे, चिठ्ठ्या पोचवणे ही कामे त्यांनी केली.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी आणि कुस्तीवर जीव टाकणारे लोक. खाशाबांची उंची बेताची, अंगकाठी किरकोळ. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांना उतरवायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि अंगाने आपल्याहून थोराड असलेल्यांना चीत केले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. चपळाई हे त्यांचे भांडवल आणि ढाक हा हुकमी डाव. ढाकेत प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताचा विळखा घालून, आपण वळत त्याला कमरेवरून खाली आणायचे असते. पाहायला हा डाव हातांचा वाटतो. जोर मात्र जमिनीवर रोवलेल्या पायातून येतो आणि अंग वळते तेव्हा त्याचा पीळ गुडघ्यातून जातो. हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो वजनगटात निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये बावीस वर्षांच्या या पैलवानापुढे मॅट आली. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकवली की निकाल. घड्याळ नाही, गुण नाहीत, आणि लाल माती पायाखाली जरा सरकते. मॅटवर बूट घालून उभे राहायचे, मिनिटे मोजायची, चीत झाली नाही तर पंचांच्या मतावर हारजीत ठरायची. सगळे आयुष्य मातीत खेळलेल्या माणसाने हे नियम तिथे जाऊन शिकायचे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांना तिथे मार्गदर्शन केले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि सहावे आले.

सहावा क्रमांक म्हणजे हात हलवत परत येणे, असे कुणाला वाटेल. खाशाबांनी त्याचा हिशेब वेगळा केला. मॅट नवी असताना सहावे, तर चार वर्षे तयारी केल्यावर कितवे? त्यांनी वजन वाढवले, ५७ किलोच्या बॅन्टमवेट गटात आले आणि कामाला लागले.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडमधल्या हेलसिंकीला होते. तिथे पोचण्याआधी दोन कुस्त्या मॅटबाहेर खेळाव्या लागल्या. पहिली निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांपर्यंत त्यांनी दाद मागितली. पुन्हा लढत लावली गेली आणि तीत त्यांनी बंगालच्या निरंजन दास यांना चीत केले. एका गुणाचा वाद त्यांनी असा मिटवला की गुण मोजायची वेळच आली नाही.

दुसरी कुस्ती पैशाची. निवड झाली तरी जायचा खर्च स्वतः उभा करायचा होता, आणि सरकारी मदतीवर भागणार नव्हते. घरच्यांनी आणि गावकऱ्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. तरीही कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. सत्तर वर्षांपूर्वीचे सात हजार ही किती मोठी रक्कम होती, हे आपल्या आजोबांच्या काळातले जमिनीचे भाव आठवले की समजते. आपल्या मुलाच्या फीसाठी कर्ज काढणारे आईबाप आपण पाहिले आहेत, आपणही ते काढले आहे. पण विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य मला तरी दुसरे माहीत नाहीत.

हेलसिंकीत खाशाबांच्या गटात वेगवेगळ्या देशांचे मल्ल होते. त्यांनी कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँ यांना आणि मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यांना हरवले, मग जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांना. राहिले दोघे, जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेयोव्ह. या दोन लढतींत फार वेळ गेला नाही. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो दाखवून वेळ मागायला खाशाबांच्या बाजूने कुणी भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि दोन्ही लढती हरले. इशींना सुवर्ण मिळाले, मामेदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

कोल्हापूरचेच केशव माणगावे त्याच ऑलिंपिकमध्ये पुढच्या वजनगटात, फेदरवेटमध्ये, चौथे आले. म्हणजे एका शहराच्या तालमीतले दोन मल्ल एका ऑलिंपिकमध्ये तिसरे आणि चौथे. त्यांच्यामागे ना सरकारी प्रशिक्षण केंद्र होते, ना मॅटचा पुरेसा सराव. हॉकी संघाने त्या वर्षी सुवर्ण जिंकले आणि देशाचे लक्ष साहजिकच तिकडे राहिले.

कराडने मात्र आपला माणूस विसरला नाही. कराड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. थोड्या मिनिटांची वाट, पण माणसांच्या गर्दीतून ती सरायला तास लागले. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी जे केले ते मला पदकाइतकेच मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्यातून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिंपिकवीर परत आखाड्यात उतरला तो कर्ज फेडायला.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. वय एकोणतीस. पोलीस स्पर्धांमध्ये ते खेळत राहिले, जिंकत राहिले. पुढचे ऑलिंपिक १९५६ मध्ये मेलबर्नला व्हायचे होते. अनुभव होता, मॅट आता परकी राहिली नव्हती आणि कांस्यापदकाच्या वरच्या दोन पायऱ्या कशा दिसतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. तेव्हाच गुडघा दुखावला. ते मेलबर्नला जाऊ शकले नाहीत.

एका वाक्यात लिहून टाकता येते एवढीच ही घटना, पण तिचे वजन समजून घ्यायला गुडघ्याची रचना थोडी पाहू. मी शिकले अभियांत्रिकी, काम करते सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे डॉक्टरकीचा आव आणत नाही. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे. पुढेमागे हलायला तो उत्तम, पण भार असताना पिळायला नाजूक. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात, आपण त्यांना गादी म्हणतो. हाडे जागेवर धरायला लिगामेंटच्या चार मुख्य दोऱ्या असतात. पाय जमिनीला चिकटलेला आणि वरचे शरीर वळलेले, त्यात समोरच्या माणसाचेही वजन, अशी स्थिती आली की सगळा पीळ या गादीवर आणि दोऱ्यांवर येतो. अनवाणी पाय मातीत थोडा सरकतो आणि पिळाचा काही भाग वाटून घेतो. मॅटवर बुटाची पकड पक्की असते, पाय सरकत नाही. फुटबॉलमध्येही खिळ्यांचा बूट गवतात रुतलेला असताना अंग वळते आणि गुडघा जातो. म्हणूनच कुस्ती आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत गुडघ्याने अर्धवट सोडलेल्या कारकिर्दी इतक्या आढळतात.

आणि उपाय काय होते? आज गुडघा सुजला की आपण एमआरआय काढतो. एमआरआयने जिवंत माणसाच्या शरीराचे चित्र पहिल्यांदा निघाले ते १९७७ मध्ये. आज गादी फाटली तर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, दोन बारीक छिद्रे पाडून फाटलेला तुकडाच तेवढा काढतात किंवा शिवतात. असे पहिले ऑपरेशन टोकियोत मासाकी वातानाबे या डॉक्टरांनी १९६२ मध्ये केले. १९५६ मध्ये यातले काहीच नव्हते. क्ष-किरणांत हाड दिसे, गादी आणि दोऱ्या दिसत नसत. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालेच तर गुडघा उघडून गादी सबंध काढून टाकण्याची पद्धत होती. गावाकडे हाडवैद्य, आंबेहळदीचा लेप, शेक आणि मालीश. दुखणे कमी झाले की पैलवान पुन्हा तालमीत जायचा आणि तोच गुडघा पुन्हा धरायचा. खेळाडूसाठी वेगळा फिजिओथेरपिस्ट ठेवायचा असतो, ही कल्पना आपल्या तालमींपर्यंत यायला अजून कित्येक वर्षे होती.

ऑलिंपिक चार वर्षांनी येते. बाकी व्यवसायात एखादे वर्ष आजारपणात गेले तर पुढच्या वर्षी भरून काढता येते. खाशाबा १९५६ मध्ये तीस वर्षांचे होते, आणि पुढचे ऑलिंपिक आले तेव्हा चौतिशीत असणार होते. कुस्तीच्या हिशेबात ते वय उताराचे. मेलबर्नला भारताच्या फुटबॉल संघाने त्या वर्षी चौथा क्रमांक मिळवला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. त्या संघाची आठवण अजून निघते. खाशाबांच्या गटात तुर्कस्तानचे मुस्तफा दागिस्तानली सुवर्णपदक घेऊन गेले. तिथे खाशाबा असते तर काय झाले असते, हा प्रश्न दर वेळी मनात येतो आणि त्याला उत्तर नाही.

पुढची वर्षे नोकरीची. पोलीस दलात ते मुले घडवत राहिले, क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करत राहिले. ऑलिंपिक पदकामुळे बढतीची शिडी भराभर चढता आली, असे काही घडले नाही. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशालदौडीत त्यांना सामील करून घेतले गेले, ही त्या काळातली एक आठवणीतली गोष्ट. गोळेश्वरच्या आपल्या घराला त्यांनी ऑलिंपिक निवास असे नाव दिले होते. देशाने आठवण ठेवली नाही तरी दारावरून जाणाऱ्या गावकऱ्याला ती रोज दिसत होती.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न. दोनच दिवसांपूर्वी लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक संपले होते. पी. टी. उषा यांचे कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते आणि भारत एकही पदक न घेता परतला होता. म्हणजे खाशाबा गेले त्या दिवशीही, बत्तीस वर्षांनंतर, स्वतंत्र भारताचे वैयक्तिक पदक जिंकणारे ते एकटेच होते. दुसरे पदक यायला आणखी बारा वर्षे लागली, १९९६ मध्ये अटलांटाला, लिअँडर पेस यांच्या टेनिसमधल्या कांस्याच्या रूपाने. कुस्तीतले दुसरे पदक सुशील कुमार यांनी २००८ मध्ये बीजिंगला मिळवले. छप्पन्न वर्षांनी.

सन्मान आले, पण मागाहून. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हयातीत पद्म सन्मान मिळाला नाही. हे सगळे वाचताना राग येतो. पण रागाला आता पत्ता उरलेला नाही. ज्यांच्याकडे तक्रार करायची ती माणसे गेली, खाशाबाही गेले.

मला त्या गोष्टीतले दुसरेच काही धरून ठेवावेसे वाटते. खाशाबांच्या आयुष्यात तीन वेळा वाट अडली. पहिल्यांदा एका गुणाने. तिथे ते स्वतः भांडले आणि जिंकले. दुसऱ्यांदा पैशाने. तिथे गाव आणि एक प्राचार्य उभे राहिले. तिसऱ्यांदा गुडघ्याने. तिथे मात्र त्यांचे कसब, त्यांची जिद्द किंवा गावाची वर्गणी, काहीच कामाला आले नाही, कारण जे हवे होते ते ज्ञान आणि ती सोय आसपास कुठेच नव्हती. पहिल्या दोन गोष्टींच्या आपण कथा करून सांगतो. तिसरीला नशीब म्हणून सोडून देतो.

आज ती सोय आहे. पानशेतपासून चाळीसेक किलोमीटरवर पुण्यात आहे. तरीही आपल्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या मुलांसाठी ती अजून लांबच आहे, हे आपल्याला माहीत आहे. आपल्याच वर्गातला एक चांगला कुस्तीगीर दहावीनंतर गुडघ्यामुळे लंगोट सोडून बसला. नाव लिहीत नाही, तो मेळाव्याला येणार आहे आणि लाजेल. त्याच्या घरच्यांनी जमेल ते सगळे केले होते, लेप लावले, शेक दिला. नेमके काय फाटले होते हे त्याला कुणी सांगितलेच नाही. गेल्या वर्षी मी शाळेत गेले तेव्हा कबड्डी खेळणाऱ्या मुलींपैकी दोघींच्या गुडघ्याला इलॅस्टिकचे पट्टे होते. पट्टा लावला की खेळायचे, एवढाच त्यांचा इलाज. त्या तालुक्याच्या स्पर्धेची तयारी करत होत्या.

मेळाव्यात शाळेला काय द्यायचे यावर आपल्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. संगणक, पाण्याची टाकी, पंखे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती. सगळ्याची गरज आहे. संगणकाला तर मी कशी नाही म्हणेन! पण जमणाऱ्या रकमेतला दहावा हिस्सा खेळणाऱ्या मुलामुलींसाठी बाजूला ठेवावा, अशी माझी सूचना आहे. त्यातून तीन कामे व्हावीत. मुलांचा स्पर्धेला जाण्याचा खर्च भागावा. मैदानावर बर्फ, पट्ट्या आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. आणि एखाद्या मुलाचा गुडघा, घोटा किंवा खांदा पंधरा दिवसांत बरा झाला नाही तर त्याला पुण्याला नेऊन तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. आपल्यात दोघे डॉक्टर आहेत, एक फिजिओथेरपिस्ट आहे. वर्षातून दोनदा शनिवारी शाळेत येऊन मुलांना गुडघा वाकवून उडी कशी घ्यायची, उतरायचे कसे, सरावाआधी अंग कसे मोकळे करायचे, एवढे दाखवले तरी पुष्कळ दुखापती टळतात.

खर्डीकर सरांसारखे घर गहाण टाकायची आपल्यापैकी कुणावर वेळ येणार नाही. एका वर्षाला प्रत्येकी एका हॉटेलच्या बिलाएवढे पुरेल. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर हिशेबाची बैठक आहे. तिथे हा विषय मी मांडणार आहे. त्या दोन मुलींच्या पट्ट्यांखाली नेमके काय दुखते आहे, हे आधी पाहू. सुरुवात तिथून करू.